रजा कोणी ठरवायची?



मे महिना लागला की आपल्या धर्मग्रामात रजेचा विषय निघतोच. शाळांना सुट्टी पडलेली असते, लग्नांच्या आणि मुलांच्या प्रथम कम्युनियनच्या पत्रिका घरोघरी आलेल्या असतात, आखातात नोकरीला असलेली मंडळी गावी आलेली असतात. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात सहज कानांवर पडते, "तुला किती दिवसांची मिळाली?" दुसरा म्हणतो, "साहेब देतच नव्हता, कसेबसे चार दिवस काढले." तिसरा नुसता हसतो आणि म्हणतो, "आमचं बरं आहे. गेलो नाही तर पैसे नाहीत. विचारायचं कोणाला?"

ही तीन उत्तरे ऐकल्यावर आमच्या मनात एक प्रश्न घोळू लागला. कामावरून घ्यायची भरपगारी रजा नक्की कोणाची असते? ती ठरविण्याचा अधिकार कोणाचा? पगार देणाऱ्याचा, काम करणाऱ्याचा की सरकारचा? प्रश्न हिशेबाचा वाटतो, पण तो न्यायाचा आहे. १ मे रोजी आपण महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन पाळतो, आणि त्याच दिवशी ख्रिस्तसभा कामकरी संत योसेफाचा सण साजरा करते. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली हा सण सुरू केला. तेव्हा या महिन्यात आपण सर्वांनी मिळून या प्रश्नाचा थोडा विचार करू या.

आधी आपल्या भाषेकडे पाहू. आपण दोन शब्द वापरतो, 'रजा' आणि 'सुट्टी'. 'रजा' हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला आणि त्याचा मूळ अर्थ संमती, परवानगी. रजा म्हटले की देणारा कोणीतरी वर आहे आणि मागणारा खाली आहे, हे गृहीतच धरलेले असते. 'सुट्टी' हा शब्द मात्र 'सुटणे' या क्रियापदातून आला. दावे सुटते, गाठ सुटते, कैदी सुटतो, शाळा सुटते. त्यात परवानगीपेक्षा मोकळीक अधिक आहे. आपल्या प्रश्नाची दोन टोके या दोन शब्दांत सापडतात. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी आहे की माणसाची सुटका आहे?

जगातील एक जुना रजेचा अर्ज

पवित्र शास्त्रात निर्गमाच्या पाचव्या अध्यायात रजेचा एक अर्ज आहे. मोशे आणि अहरोन फारोसमोर उभे राहतात आणि तीन दिवसांची मोकळीक मागतात. लोकांना अरण्यात जाऊन देवाची उपासना करायची आहे. फारोचे उत्तर आजही पुष्कळ कचेऱ्यांत ऐकू येते. लोक आळशी झाले आहेत, म्हणून त्यांना असले काही सुचते, असे तो म्हणतो. एवढ्यावर तो थांबत नाही. विटांसाठी लागणारा पेंढा देणे बंद करतो, मात्र रोज पाडायच्या विटांची संख्या तीच ठेवतो. रजा मागितली म्हणून काम वाढले! आपल्यापैकी किती जणांनी हा अनुभव घेतला असेल! रजेवरून परत आल्यावर टेबलावर दुप्पट काम साचलेले असते, आणि ते पाहून पुढच्या वेळी रजाच नको असे वाटते.

त्याच ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात याच्या अगदी उलट व्यवस्था दिसते. अरण्यात लोकांना रोज मान्ना मिळतो. जेवढा त्या दिवसाला पुरेल तेवढाच. साठवून ठेवला तर नासतो. परंतु सहाव्या दिवशी दुप्पट मिळतो आणि तो सातव्या दिवसापर्यंत टिकतो. याचा अर्थ असा की देवाने लोकांना नुसते "विश्रांती घ्या" असे सांगितले नाही, त्या दिवसाची भाकरीही आधी हातात ठेवली. उपाशी पोटी विश्रांती घेता येत नाही, हे त्याला ठाऊक होते. आजच्या भाषेत बोलायचे तर तो भरपगारी सुट्टीचाच दिवस होता.

एक बारीकशी गोष्टही तेथे आहे. घरात पुरेसा मान्ना असूनही काही लोक सातव्या दिवशी गोळा करायला बाहेर पडलेच आणि रिकाम्या हातांनी परतले. गुलामगिरीतून पाय निघाला होता, मन निघाले नव्हते. सुट्टीच्या दिवशीही मोबाइलवर कचेरीचे निरोप पाहत बसणाऱ्या आपल्यासारख्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

देणारा ठरवील?

आता मालकाची बाजू ऐकू. ती बाजू खोटी नाही. नाताळच्या आठवड्यात बेकरीतील सगळे कारागीर गावी गेले तर पाव कोण भाजणार? अतिदक्षता विभागातील परिचारिकांनी एकाच रात्री रजा टाकली तर रुग्णांनी काय करायचे? कामाची गरज ज्याला समग्र दिसते त्याचे म्हणणे रजा ठरविताना ऐकलेच पाहिजे.

परंतु येथे एक गैरसमज दडलेला असतो. "काम न करता पगार का द्यायचा?" असे विचारले जाते. भरपगारी रजा म्हणजे न केलेल्या कामाचा पैसा, अशी ती समजूत आहे. आपल्या देशाचा कायदा तसे मानत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. २०२० साली संमत झालेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेने २४० दिवसांची ती अट १८० वर आणली. वीसाला एक हे प्रमाण तेच राहिले. या हिशेबाचा अर्थ नीट ध्यानात घेऊ या. वीस दिवस राबल्यावर एकविसावा दिवस आधीच कमावलेला असतो. तो सहाव्या दिवशीचा दुप्पट मान्ना आहे. मालक तो देतो असे आपण म्हणतो खरे, पण कामगाराची ठेव जशी बँक परत करते तसाच हा व्यवहार आहे. बँकेच्या खिडकीवर आपण हात जोडून उभे राहत नाही.

इतिहासही हेच सांगतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी आपोआप मिळाली नाही. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभारली, सभा भरविल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आपल्याला रविवार प्रिय आहे तो प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून. त्या कामगारांतील अनेकांना तो खंडोबाचा वार म्हणून प्रिय होता. तरीही गरज एकच होती. फ्रान्समध्ये २० जून १९३६ च्या कायद्याने सर्व कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, त्याआधी लाखो कामगार संप पुकारून कारखान्यांतच ठाण मांडून बसले होते. एकट्या देणाऱ्यावर सोडले असते तर ही वेळ केव्हा आली असती, कोण जाणे!

घेणारा ठरवील?

मग कामगारानेच ठरवावे काय? दोन माणसे राजीखुशीने करार करतात. कमी रजा मान्य असेल तर नोकरी घ्यावी, नसेल तर दुसरी पाहावी. तिसऱ्याने मध्ये पडू नये. हा युक्तिवाद वरवर स्वातंत्र्याचा वाटतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आजही खासगी नोकरीत भरपगारी रजा दिलीच पाहिजे असा देशव्यापी कायदा नाही. तो विषय करारावर सोडलेला आहे.

या युक्तिवादाला पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात उत्तर दिले. म्हणजे मुंबईच्या कामगारांना रविवार मिळाल्यानंतर वर्षही झाले नव्हते. गरजेने वाकलेला माणूस जेव्हा वाईट अटी मान्य करतो तेव्हा ती खरी संमती नसते, असे त्यांचे म्हणणे. मालक आणि कामगार यांच्या प्रत्येक करारात शरीर आणि आत्मा यांच्या विश्रांतीची अट असतेच, मग ती लिहिलेली असो वा नसो. ती वगळून केलेला करार न्यायाला धरून नाही. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेताना याच परिपत्रकाची आठवण काढली होती. पुढे १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' या परिपत्रकात विश्रांतीच्या हक्काचे दोन भाग सांगितले. एक आठवड्याची विश्रांती, ज्यात निदान रविवार असावा, आणि दुसरी वर्षातून एकदा किंवा थोडी थोडी करून घ्यायची मोठी रजा.

कामगाराने आपली रजा विकली तर? आपल्या तरुणांमध्ये हे सर्रास चालते. घराचे हप्ते आहेत, मुलांच्या फिया आहेत, म्हणून वर्षानुवर्षे रजा साठवायची आणि पैसे करून घ्यायचे. आम्ही त्यांना दोष देत नाही. गरज कोणाला चुकली आहे? पण आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७० च्या करारनाम्यात एक विचार करण्याजोगे कलम आहे. वर्षाला किमान तीन आठवडे रजा असावी असे तो करारनामा सांगतो, आणि ही किमान रजा सोडून देण्याचा कोणताही करार रद्दबातल समजावा, असेही सांगतो. माणसाला स्वतःचीच वस्तू विकायला बंदी का? कारण ती वस्तू एकट्याची नाही. बापाच्या रजेवर मुलांचा वाटा आहे, पत्नीचा वाटा आहे, अंथरुणाला खिळलेल्या आईचा वाटा आहे. शिवाय एकाने रजा विकली की शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला रजा मागणे अवघड होते. "तो घेत नाही, तुलाच कशी लागते?" हा प्रश्न मग त्याच्यापुढे येतोच.

घेणाऱ्याच्या सदसद्विवेकाचाही येथे संबंध आहे. काहींच्या आजी तीन-तीन वेळा वारतात हे आपल्याला ठाऊक आहे. खोटे दाखले आणले जातात, सहकाऱ्याला न सांगता दांडी मारली जाते आणि त्याचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर पडते. हक्क मागणाऱ्याने तो प्रामाणिकपणे वापरला नाही तर पुढच्या गरजवंताचे खरे दुःखही कोणी खरे मानीत नाही.

कायदा ठरवील?

कायद्याशिवाय दुबळ्याला आधार नाही. १९४८ सालच्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या २४ व्या कलमात विश्रांतीचा आणि ठराविक काळाने मिळणाऱ्या भरपगारी सुट्टीचा हक्क नोंदलेला आहे. आपल्या राज्यघटनेचे ४३ वे कलम कामगारांना निर्वाहाइतके वेतन मिळावे एवढेच सांगून थांबत नाही. त्यांना फुरसतीचा पूर्ण उपभोग घेता यावा, यासाठी शासनाने झटावे असेही ते सांगते. ज्यांनी घटना लिहिली त्यांना फुरसत ही श्रीमंतांची चैन वाटली नाही.

फुरसतीला एवढे मोल का? ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल याने म्हटले होते की आपण राबतो ते फुरसत मिळावी म्हणून. आपण मात्र उलटे समजतो. पुन्हा जोमाने राबता यावे म्हणून माणसाने विश्रांती घ्यावी, असे आपल्याला वाटते. तसे असेल तर विश्रांती ही यंत्राला तेल घालण्यासारखी झाली. जर्मन कॅथॉलिक विचारवंत योसेफ पीपर यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर, जर्मनी ढिगाऱ्यातून उभी राहत असताना, फुरसत हा संस्कृतीचा पाया आहे असे मांडले. फुरसत म्हणजे आळस नव्हे. आपण कामापेक्षा अधिक काही आहोत हे आठवण्याची ती वेळ आहे. उपासना, नाती, गाणे, वाचन, शेजाऱ्याच्या ओटीवर बसून मारलेल्या गप्पा, हे सगळे तिच्यातच येते.

मात्र कायद्याला डोळे थोडे असतात. कोणाच्या लेकीचे दिवस भरत आले आहेत, कोणाच्या वडिलांचे वर्षश्राद्धाचे मिस्सा आहे, हे दिल्लीला किंवा मंत्रालयाला दिसत नाही. म्हणूनच ख्रिस्तसभा पूरकतेचे तत्त्व सांगते. जे जवळच्या माणसांना नीट ठरविता येते ते दूरच्या सत्तेने हिसकावून घेऊ नये, आणि जे त्यांना जमत नाही तेथे सत्तेने हात द्यावा.

या तत्त्वाने आम्हाला आपल्या प्रश्नाची उकल काहीशी अशी दिसते. रजा किती, याची किमान मर्यादा कायद्याने ठरवावी, कारण तेथे दुबळा एकटा पडतो. रजा केव्हा, हे दोघांनी मिळून ठरवावे, कारण एकाला काम दिसते आणि दुसऱ्याला घर दिसते. रजा कशासाठी, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावे. कोणी लुर्डला जाईल, कोणी पत्रे शाकारील, कोणी नुसता झोपेल. त्याचा जाब मागू नये. याचा एक चांगला नमुना आपल्याच राज्यात आहे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सणसुट्ट्या आहेत. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आहेत. उरलेल्या चार कोणत्या, हे मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायचे असते. आपल्यातील किती जणांनी गुड फ्रायडे किंवा नाताळ त्या चारांत यावा म्हणून वेळेवर बोलणी केली? की सण तोंडावर आल्यावर कुरकुर केली?

आणि आपण देणारे असतो तेव्हा?

येथवर लिहिणे सोपे होते. आता जे लिहितो ते लिहिताना हात अडखळतो.

गेल्या डिसेंबरची गोष्ट. आमच्या धर्मगुरूनिवासात स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी दहा दिवस मागितले. लेकीचे पहिले बाळंतपण होते. आम्ही म्हणालो, "मावशी, नाताळ तोंडावर आला. पाहुणे येणार. जानेवारीत जा ना." त्या "बरं, फादर" म्हणाल्या आणि कामाला लागल्या. नातू नाताळच्या आधीच झाला. मावशी जानेवारीत गेल्या आणि दहा दिवसांनी परत आल्या. महिनाअखेरीस आम्ही हिशेबाची वही पाहिली तर दहा दिवसांचा पगार कापलेला. विचारले तेव्हा कळले, "दरवर्षी असंच करतो, फादर." दरवर्षी म्हणजे अकरा वर्षे. त्याच वर्षी आम्ही दोघे धर्मगुरू आपापली वार्षिक रजा घेऊन आलो होतो आणि आमचा भत्ता कोणी कापला नव्हता.

कापलेले पैसे आम्ही मावशींना परत दिले. त्या म्हणाल्या, "पैशांचं काय एवढं, फादर! पण लेक सारखी विचारत होती, आई का नाही आली." पैसे परत देता आले, ते दिवस परत देता आले नाहीत. 'किती' इतकेच 'केव्हा' महत्त्वाचे आहे हे आम्हाला त्या दिवशी समजले. व्यासपीठावरून आम्ही मोशेची बाजू घेत होतो आणि स्वयंपाकघरात फारोची खुर्ची आमच्याच खाली होती.

आपल्या बहुतेक घरांची हीच कथा आहे. धुणीभांडी करणारी बाई, आजोबांना सांभाळणारी मुलगी, वाडीत शिंपणी करणारा गडी, गाडीवरचा ड्रायव्हर. त्यांच्यापर्यंत रजेचे कायदे क्वचितच पोहोचतात. घरकामगारांना आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती मिळावी, आणि सुट्टीच्या वेळात त्यांना मालकाच्या घरातच राहण्याची सक्ती नसावी, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली सांगितले. पवित्र शास्त्राने तेच कितीतरी आधी सांगितले होते. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाचे कारण स्पष्ट दिले आहे. तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखीच विश्रांती मिळावी, कारण तूही एकदा मिसर देशात दास होतास. रजा कोणी ठरवायची या प्रश्नाला आपल्या घरात दुसरे उत्तर नाही. तेथे कायदा नाही, संघटना नाही. आपणच आहोत.

आमच्या पॅरिश कौन्सिलने आता ठरविले आहे की चर्चच्या प्रत्येक सेवकाला वर्षाला पंधरा दिवस भरपगारी रजा मिळेल, तारखा जानेवारीत त्यांच्याबरोबर बसून ठरतील, आणि जन्म, आजार वा मृत्यू आला तर ठरलेल्या तारखा पुढेमागे होतील. मावशी नसतील तेव्हा आम्हा दोघांना भात लावता येतो. तो कसा होतो हा निराळा प्रश्न.

सर्व प्रश्न यातून सुटत नाहीत. नाक्यावर उभा राहणारा बिगारी, रिक्षा चालविणारा आपला बांधव, घरोघरी जेवणाची पाकिटे पोहोचविणारा मुलगा, यांचा एकविसावा दिवस कोणाकडे जमा आहे? त्यांना एकच मालक नाही, म्हणून त्यांचा दावा कोणावर नाही असे म्हणता येईल काय? आम्हाला वाटते, तो दावा त्यांच्या श्रमावर जगणाऱ्या आपल्या सर्वांवर आहे. तो कसा फेडायचा याचा विचार आपल्या लघुसमूहांच्या सभांत व्हावा.

तोवर एक करू या. या रविवारी जेवणे झाल्यावर भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढू या. प्रथम आपल्या रजेचे दिवस घरच्यांबरोबर ठरवू आणि ते खरोखरच घेऊ. मग आपल्या घरी काम करणाऱ्या माणसाला समोर बसवून विचारू, "तुम्हाला केव्हा हवी?" कदाचित त्याला चटकन उत्तर देता येणार नाही. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलेला नसेल. आपण थोडे थांबू या.

दमलेल्या शिष्यांना एकांतात नेऊन विसावा घ्यायला सांगणारा प्रभू येशू आपल्या कामाला आणि विश्रांतीला आशीर्वाद देवो.